आजोबांच्या फोटोकडे कुणी बघितलंच नाही : घरबसल्या खजिन्याची प्रश्नोत्तरं

दिवाळी अंकात आपण एक चित्र आणि आठ ओळींची कविता छापली होती. दोन्ही मिळून नाशिकमधली एक जागा आणि तिथली एक वस्तू ओळखायची, उत्तर कार्डावर लिहून पाठवायचं, घराबाहेर पडायची गरज नाही. नाशिकमधूनच नाही तर पार जळगाव आणि सोलापूरकडूनही उत्तरं आली, आणि त्याहून जास्त आले प्रश्न. म्हणून ह्यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी कविता परत देते:

ग्रह, रस, ऋतू, चंद्र, उलटी त्यांची चाल,
शक सोडून सनाच्या दारी तुम्ही याल.
जीभ एक, शब्द नाही, वसईची खूण,
उंच बसून ऐकते ती पाण्याचीच धून.
राम ज्याला ईश्वर मानी, तो घराचा धनी,
नाव मात्र चालतं ते बांधलं ज्यांनी.
गंगा म्हणती जिला सारे, गंगा ती ती नव्हे,
काठी तिच्या डोळे पुरे, फावडे कशास हवे?

चित्राचं नाव 'वयाचा मान'. जुन्या वाड्यातली माजघराची खोली, आजी खिडकीच्या उजेडात सुई डोळ्यासमोर धरून दोरा ओवतेय, नातू ताटातल्या द्राक्षांकडे बोट दाखवतोय, मांजर पंजा लांब करून दोऱ्याच्या रिळाकडे झेपावतंय, भिंतीवर एक घड्याळ आणि हार घातलेला आजोबांचा खुर्चीत बसलेला फोटो, हातात काठी. आणि चारही बाजूंनी अक्षरांची नक्षीदार चौकट.

ताई, आमचं उत्तर सोमेश्वर होतं. गंगापूर रोडचं, गोदावरीच्या काठावरचं, शंकराचं देऊळ. चित्रातून 'मेश्वर' एवढं अगदी स्पष्ट येतंय, मग आम्ही चुकलो कुठे? घरात सगळ्यांनी तीन रविवार घालवलेत ह्याच्यावर. – पंचवटीतलं एक कुटुंब

सगळ्यात जास्त पत्रं ह्याच उत्तराची आलीत आणि तुम्ही नव्वद टक्के रस्ता बरोबर चाललात, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्रात रीत शिकवायला आजी बसवली होती. तिच्या डोळ्यापासून निघालेली नजर, सुई धरलेल्या बोटाचं टोक आणि ताणलेला दोरा हे तिन्ही एका रेषेत आहेत, आणि दोरा पुढे जाऊन चौकटीतल्या 'मे' ह्या अक्षराला टेकतो. म्हणजे चित्रच सांगतंय की डोळ्यापासून बोटाच्या टोकातून पट्टी ठेवा आणि चौकटीपर्यंत रेघ मारा. तेच नातवाला केलं की 'श्व' मिळतो, मांजराच्या डोळ्यापासून नखातून रेघ मारली की 'र'. इथवर तुम्ही आलात. मेश्वर. आणि मग पुढचं अक्षर तुम्ही मनाने भरलंत, कारण नाशिकच्या माणसाला गोदावरी आणि मेश्वर म्हटलं की सोमेश्वरच आठवणार, धबधबा आठवणार, तिथली भेळ आणि मक्याचं कणीस आठवणार.

पण चित्रात चौथा माणूस आहे. भिंतीवर. हार घातलाय म्हणून आपण त्यांना मोजलंच नाही. आजोबांच्या डोळ्यापासून काठीवर ठेवलेल्या हाताच्या लांब बोटातून रेघ मारा, ती वरच्या चौकटीतल्या 'रा' वर जाते. आणि चित्राचं नाव 'वयाचा मान', म्हणजे मोठ्यापासून लहानापर्यंत वाचायचं: आजोबा, आजी, नातू, मांजर. रा-मे-श्व-र.

आता कवितेची शेवटची ओळ परत वाचा, 'काठी तिच्या डोळे पुरे'. नदीच्या काठी हा अर्थ तर आहेच, पण काठी आणि डोळे हे दोन शब्द मुद्दाम शेजारी ठेवले होते. चित्रात काठी एकाच माणसाच्या हातात आहे.

समजा आजोबा सुटले, तरी कविता तुम्हाला सोमेश्वरला जाऊ देत नव्हती, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'राम ज्याला ईश्वर मानी', म्हणजे रामाचा ईश्वर तो रामेश्वर. सोमेश्वराला ही ओळ लागत नाही. 'नाव मात्र चालतं ते बांधलं ज्यांनी', म्हणजे देव एक पण देऊळ ओळखलं जातं बांधणाऱ्याच्या नावाने. रामकुंडाजवळच्या रामेश्वराच्या देवळाला आपण कुणी रामेश्वर म्हणतो का? नारोशंकर म्हणतो. नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते बांधलं 1747 मध्ये. 'जीभ एक, शब्द नाही' ती घंटा, आतला लोलक तिची जीभ, आणि 'वसईची खूण' म्हणजे 1739 ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची आठवण. उत्तर: नारोशंकराची घंटा.

चित्राने जागेचं नाव सुचवायचं आणि कवितेने ते तपासायचं, अशी ही दोघांची वाटणी असते. तुमच्या घरात चित्रावर तीन रविवार गेले आणि कवितेवर मला वाटतं अर्धा तास गेला असेल. कवितेच्या आठही ओळी सोमेश्वरावर एकेक करून ठेवून बघितल्या असत्या तर तिसऱ्याच ओळीला अडला असतात, आणि अडलात की परत चित्राकडे गेला असतात, आणि मग भिंतीकडे लक्ष गेलं असतं.

कपालेश्वर पाठवणाऱ्यांनाही हेच उत्तर. तिथे तर चित्रातलं 'मे' पण बसत नाही.

वसईची घंटा म्हणून मी मेणवली पाठवलं, वाईजवळचं. माझ्या मामाचं गाव तिकडेच आहे आणि लहानपणापासून आम्ही ती घंटा वसईची म्हणून ऐकलीय. हे चूक कसं? – पुण्याहून, मूळची नाशिकची

चूक काहीच नाही, मेणवलीची घंटा वसईच्या मोहिमेतलीच मानतात, भीमाशंकरलाही तशी घंटा आहे. वसईच्या विजयानंतर अशा घंटा कितीतरी देवळांत गेल्या. म्हणूनच ती ओळ एकटी घेतली तर पुरत नाही. मेणवली कृष्णेकाठी. आणि कवितेत 'गंगा म्हणती जिला सारे, गंगा ती ती नव्हे' असं आहे. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, घरी म्हणायचे ना 'गंगेवर जाऊन येते'? गोदावरीला गंगा म्हणायची ही आपली सवय बाहेरच्यांना माहीत नसते, काही जणांनी तर थेट काशी लिहून पाठवलं. नाशिककराला ही ओळ फुकट मिळायला हवी होती, पण रोजचं बोलणं कोड्यात दिसलं की ओळखू येत नाही असा माझा अनुभव आहे.

ग्रह रस ऋतू चंद्र हे काय आहे? मी इंजिनिअरिंगला आहे, मला कोडिंग येतं, सायफर (सांकेतिक लिपी) येतात, पण हे कुठल्याच सायफरमध्ये बसेना. आणि शकात 78 मिळवायचे म्हणतात, तो 78 कुठून आला? – इंदिरानगर

हे आपल्याकडचं जुनं सायफरच आहे रे. ह्याला भूतसंख्या म्हणतात. पूर्वी गणित, ज्योतिष सगळं श्लोकात लिहायचे, आणि श्लोकात आकडे घातले की वृत्त मोडतं, मग आकड्याऐवजी जगात जी वस्तू तेवढ्याच संख्येने आहे तिचं नाव घालायचं. चंद्र एक, म्हणून 1. नेत्र दोन. अग्नी तीन. वेद चार, बाण पाच (मदनाचे), ऋतू सहा, रस पण सहा (गोड आंबट खारट तिखट कडू तुरट), मुनी सात, वसू आठ, ग्रह नऊ, आणि आकाश म्हणजे शून्य. सोय अशी की एकाच आकड्याला पुष्कळ शब्द आहेत, वृत्तात जो बसेल तो घ्यायचा.

आणि ह्याचा नियम आहे 'अंकानां वामतो गतिः', आकडे डावीकडे चालतात, म्हणजे पहिला शब्द एकं स्थानचा. ग्रह 9, रस 6, ऋतू 6, चंद्र 1, ओळीने लिहिलं तर 9661, उलटी चाल केली की 1669. हा शक. शालिवाहन शक आणि इसवी सन ह्यात 78 चा फरक असतो (वर्षाच्या शेवटी जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79), म्हणून 1669 अधिक 78 म्हणजे 1747. देऊळ बांधल्याचं साल.

तुला खात्री करायची असेल तर ज्ञानेश्वरीची शेवटची ओवी घे, 'शके बाराशतें बारोत्तरें', म्हणजे शके 1212, त्यात 78 मिळव, 1290 येतं, आणि तेच साल तुझ्या शाळेच्या पुस्तकात होतं. तिथे आकडा सरळ शब्दात आहे एवढाच फरक.

आणि सायफरच्या नादात असशील तर अजून एक सांगते. मराठी कवितेत लघू-गुरू असतात, र्‍हस्व अक्षर लघू, दीर्घ अक्षर गुरू, म्हणजे प्रत्येक ओळ ही आपोआप दोन चिन्हांची माळ झाली. 'यमाताराजभानसलगा' हे आम्ही शाळेत पाठ केलंय, त्यातली कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं घेतली की एक गण मिळतो: यमाता म्हणजे लघू गुरू गुरू, य गण. मातारा म्हणजे तिन्ही गुरू, म गण. एवढ्या छोट्या शब्दात आठही गण भरलेत. कुणीतरी ह्यावर एक पूर्ण खजिना रचायला हवा, मी वाट बघतेय, आणि तुझ्यासारख्यालाच ते जमेल.

आम्ही दोघा भावांनी पांडवलेणी लिहिलं. ताटात द्राक्षं 24 आणि लेणी पण 24. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं, म्हणजे मध्ये काहीतरी असणारच. वसई म्हणजे वसलेली, डोंगरात वसलेली. अजूनही आम्हाला वाटतं की आमचंच बरोबर आहे. – नाशिकरोड

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं कारण ह्यात कष्ट आहेत आणि अशी पत्रं मला आवडतात. पण उत्तर तुमचं नाही.

आधी द्राक्षांचं. पानामागे अर्धी दिसणारी द्राक्षं तुम्ही काही धरलीत काही सोडलीत, आणि 24 आल्यावर थांबलात. ते खाली लिहिलेलं नसलं तरी मोजण्याच्या पद्धतीवरून कळतं, कारण अर्धी सगळी धरली तर आकडा वेगळा येतो आणि सगळी सोडली तरी वेगळा. आकडा आधी मनात असला की मोजणी त्याच्याकडे वळते, हे सगळ्यांचं होतं, माझंही झालंय, एका कोड्यात मी दोन महिने चुकीच्या गावावर अडून होते कारण पहिल्या दिवशी एक नाव डोक्यात बसलं होतं आणि मग प्रत्येक झाड, प्रत्येक पक्षी त्याच गावचा दिसायला लागला.

मग मी स्वतःला एक सवय लावली ती सांगते. उत्तर सुचलं की त्याच्या बाजूने पुरावे गोळा करायचे नाहीत, ते गोळा होतातच. त्याऐवजी मुद्दाम दुसरी एक जागा घ्यायची, जी नक्की चूक आहे, आणि तिच्यासाठी पण तेवढ्याच जिद्दीने पुरावे शोधायचे. तुम्ही म्हणाल 24 द्राक्षं, 24 लेणी, मग मी म्हणेन 24 तासांचा दिवस, म्हणून उत्तर कुठल्याही टॉवरचं घड्याळ. चुकीच्या जागेलाही तुमच्या जागेइतकेच पुरावे मिळाले तर समजायचं की आपले पुरावे कच्चे आहेत. नारोशंकराला ही कसोटी लावून बघा. शके 1669, बांधणाऱ्याच्या नावाने चालणारं रामेश्वराचं देऊळ, वसईच्या आठवणीची घंटा, गोदाकाठ: ही चारही एकत्र दुसरीकडे कुठे बसवून दाखवा, नाही बसत.

दुसरी गोष्ट, उरलेल्या ओळी मोजा. तुमच्या उत्तरात पाच ओळी वापरल्याच गेल्या नाहीत. रचणाऱ्याने कवितेतली ओळ उगाच लिहिलेली नसते, त्याला प्रत्येक ओळीसाठी घाम गाळावा लागतो. जेवढ्या ओळी पडून राहिल्या तेवढं उत्तर लांब. चित्राचं मात्र तसं नाही, चित्रात शोभेच्या वस्तू असू शकतात, आणि इथे मी एक कबूल करते: ते घड्याळ शोभेचं होतं. चित्रकाराने भिंत मोकळी दिसते म्हणून काढलं आणि आम्ही ते तसंच जाऊ दिलं. ज्या चित्रात प्रत्येक गोष्ट संशयाने बघितली जाणार आहे तिथे काटे असलेलं घड्याळ ठेवणं ही आमची चूक झाली, पुष्कळ वाचकांचे दिवस त्यात गेले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

हा प्रकार मुळात परदेशातला ना? शाळेत मुलांना सांगायचंय, थोडक्यात इतिहास मिळेल का? – सिन्नरचे एक शिक्षक

सर, थोडक्यात जमवते. ज्या पुस्तकाने ही लाट आणली ते इंग्लंडचं, किट विल्यम्स ह्या चित्रकाराचं 'मास्करेड', 1979. त्याने सोन्याचा, रत्नं जडवलेला ससा स्वतः घडवला, जमिनीत पुरला आणि 15 चित्रांच्या गोष्टीत जागा लपवली. डोळ्यापासून लांब बोटातून चौकटीतल्या अक्षरापर्यंत रेघ, ही युक्ती त्याचीच, आम्ही आजीच्या सुईत ओवून घेतली. सगळी अक्षरं लावली की इंग्रजीत एक वाक्य तयार होतं, कॅथरीनचं लांब बोट सावली टाकतं अशा अर्थाचं, आणि एकेका चित्रातून निघालेल्या शब्दांची सुरुवातीची अक्षरं घेतली तर अँम्टहिल ह्या गावाजवळ असं निघतं. तिथल्या बागेत अ‍ॅरागॉनच्या कॅथरीन राणीच्या स्मरणार्थ एक उंच क्रॉस आहे, त्याची सावली विषुवदिनाच्या माध्यान्ही जिथे टेकते तिथे ससा. मुलांना भूगोलाच्या तासाला विषुवदिन शिकवताना ही गोष्ट सांगा, परत विसरणार नाहीत.

पण सशाचा शेवट वाईट झाला. 1982 मध्ये तो एकाला मिळाला, आणि 1988 मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्राने उघड केलं की त्या माणसाने कोडं सोडवलंच नव्हतं, चित्रकाराच्या जुन्या ओळखीतून बागेचा सुगावा लागला होता. दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी मात्र ते पूर्ण, रीतसर सोडवलं होतं, त्यांचं उत्तर चित्रकाराकडे पोचायला उशीर झाला. सर, मला त्या दोन शिक्षकांबद्दल जो आदर वाटतो तो ससा मिळवणाऱ्याबद्दल वाटत नाही, आणि तुमच्या वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा त्यांच्यापासून सुरुवात करा एवढी विनंती.

1982 लाच अमेरिकेत बायरन प्रेइस ह्यांचं 'द सिक्रेट' आलं. 12 चित्रं, 12 कविता, 12 पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी पुरलेल्या, आणि कुठली कविता कुठल्या चित्राची हेही सांगितलेलं नाही, तीच पहिली पायरी. शिकागोची 1983 ला सापडली, क्लीव्हलँडची 2004 ला, बोस्टनची 2019 ला. प्रेइस 2005 मध्ये अपघातात गेले. बाकी नऊ अजून शोधताहेत लोक. फ्रान्समध्ये 1993 ला सोनेरी घुबडाचा शोध सुरू झाला, 11 कोडी, प्रत्येकाला चित्र, रचणारे 2009 ला वारले, आणि उत्तर सापडल्याचं जाहीर झालं 2024 च्या ऑक्टोबरमध्ये. एकतीस वर्षं.

परदेशातला म्हणालात, पुस्तकात खजिना लपवण्याचा हा साचा तिकडचा खरा. पण कवितेत अर्थ लपवून समोरच्याला उलगडायला लावायचं, हे आपल्या कूट अभंगांत आणि कोड्यांच्या उखाण्यांत होतंच. मुलांना दोन्ही सांगा.

एक सूचना आहे. पुढच्या वेळी खरोखर पुरा ना! चांदीचं नाणं गोदाघाटावर किंवा पांडवलेणीच्या पायथ्याला पुरलं तर किती मजा येईल. कार्डावर उत्तर लिहिण्यात ती गंमत नाही. – देवळाली

नाही. हे मी हौस मारायला म्हणत नाहीये, मलाही माती उकरायची ओढ आहे, पण पुरणार नाही.

पांडवलेणी केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 ला झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकाभोवतीचे पहिले 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, आणि संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणता येत नाही. घाटावर तर रोज श्राद्धविधी चालतात, माणसं अस्थी घेऊन येतात, तिथे कुणी फावडं घेऊन फिरलेलं मला बघवणार नाही. आणि 1878 चा निखात निधीचा कायदा अजून आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आपल्या नाण्याला तो लागतो की नाही हा वाद वकिलांनी घालावा, वाचकाला त्यात ओढायचं नाही.

त्यात माणसांचा जीव आहे. अमेरिकेत फॉरेस्ट फेन ह्यांनी 2010 मध्ये 24 ओळींच्या कवितेवर पेटी लपवली होती रॉकी पर्वतात, 2020 मध्ये ती वायोमिंगमध्ये सापडली, पण त्याआधी शोधायला गेलेल्यांपैकी काही जण दगावले, नद्यांत, डोंगरांत. आमची गोदावरी पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढते ते तुम्हीही बघितलंय. एखादा मुलगा कवितेच्या नादात पुराच्या दिवशी पायऱ्या उतरला तर मी स्वतःला काय सांगू.

म्हणून शेवटच्या ओळीत फावडे कशास हवे असं लिहिलं होतं. उत्तर कळल्यावर जाऊन बघा मात्र नक्की, घंटेखाली उभं राहून वर बघा आणि मग नदीकडे बघा. पूर कुठवर आला हे सांगताना जुनी माणसं त्या घंटेचंही नाव घेतात, 'पाण्याचीच धून' तिथून आलं.

जोडाक्षर एक धरायचं की दोन? आमच्याकडे 'श्व' वरून भांडण झालं. – कॉलेज रोड

एक. मराठी कोड्यात जे एका उच्चारात, एका ठिकाणी लिहिलं जातं ते एक अक्षर: श्व, क्षा, मे, घं सगळी एकेक. काना-मात्रा वेगळा काढायचा नाही, अनुस्वार पण नाही. आद्याक्षरांचं कोडं असेल तर मात्र बघा, कधीकधी रचणारा मात्रा सोडून नुसतं व्यंजन घेतो, 'मे' चा 'म' करतो. पहिल्यांदा मात्रेसकट वाचा, अर्थ लागला नाही तरच मात्रा काढा. इंग्रजी कोड्यांची सवय असलेले अक्षरं मोजताना इथेच फसतात, रामेश्वर ला चार अक्षरं मोजायला त्यांचं मन तयार होत नाही.

माझा नातू सात वर्षांचा आहे, सुट्टीत येणार आहे दहा दिवस. मोबाईल सोडत नाही. मला घरातच असं काही करता येईल का, मला कविता बिविता येत नाही. – सातपूरच्या एक आजी

आजी, तुम्हाला येतं. लग्नात नाव घेतलंत ना उखाण्यात? मग दोन ओळी जुळवता येतात.

त्याच्यासाठी जागा घरातली घ्या, आणि आधी वस्तूची खासियत बोलून बघा, मग लिहा. फ्रीजसाठी: 'बाहेर ऊन, आत थंडी, उघडलं की दिवा लावी.' एवढं पुरे. यमक नसलं तरी चालतं, मुलं यमकावर अडत नाहीत. एका चिठ्ठीतून दुसरी, अशा पाच चिठ्ठ्या, शेवटी त्याच्या आवडीचा लाडू किंवा जे असेल ते. मग तीन-चार दिवसांनी एक चिठ्ठी घराबाहेरची करा आणि हात धरून न्या. घाटावर नेणार असाल तर हे वापरा, तुम्हाला दिलं: 'दोन तोंडं, पण बोलत नाही, पूर आला की गाव ह्याच्या अंगाकडे पाही.' त्याला दुतोंड्या मारुती दाखवा आणि तुम्ही लहान असताना पाणी कुठवर बघितलंय ते बोटाने दाखवा.

चित्र तुम्ही काढू नका, त्यालाच काढायला लावा. तो खोली काढेल आणि तुम्ही त्यात एक छोटी फुली लपवा, दुसऱ्या दिवशी त्याने ती शोधायची. दोनतीन दिवसांत तोच तुमच्यासाठी लपवायला लागेल, तेव्हा मात्र लगेच सापडलं असं करू नका, खरोखर शोधा, मुलांना खोटं शोधणं लगेच कळतं.

आणि चिठ्ठ्या लिहून झाल्या की त्याला देण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सोडवायला द्या, सुनेला द्या, शेजारणीला द्या, आपल्याला सोपं वाटलेलं दुसऱ्याला कुठे अडतं ते तिथेच कळतं. आम्ही छापायच्या आधी चित्र एकाला जरी दाखवलं असतं तरी ते घड्याळ भिंतीवरून उतरलं असतं.